बीपी उतरले म्हणून घरी पाठवू नका, आधी लघवी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत एखाद्याचे बीपी २००च्या वर निघाले की पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. जवळच्या दवाखान्यात नेतात, जिभेखाली गोळी ठेवतात, अर्ध्या तासाने पुन्हा मोजतात आणि आकडा १५०वर आलेला दिसला की ‘आता नॉर्मल आहे, आराम करा’ असे सांगून घरी पाठवतात. लघवीचा नमुना कुणी मागत नाही, रक्तातले क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा, किडनी बिघडली की ते वाढते) कुणी पाहत नाही, डोळ्यांच्या पडद्याचा तर विषयच निघत नाही. काही महिन्यांनी तोच माणूस पायाला सूज, दम आणि उलट्या घेऊन मोठ्या रुग्णालयात येतो. तेव्हा क्रिएटिनिन आठ-दहावर गेलेले असते आणि मानेत नळी घालून त्याच दिवशी डायलिसिस सुरू करावे लागते. या दोन भेटींच्या मधल्या काळात त्याची किडनी वाचवता आली असती, म्हणून हे पत्र.

मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातील सुमारे ३४ टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. यातल्या बहुतेकांची किडनी हळूहळू, वर्षानुवर्षे झिजते. त्याबद्दल अधूनमधून लिहिले जाते. आम्हाला लिहायचे आहे ते थोड्या वेगळ्या आजाराबद्दल. बीपी फार वर, साधारण १८०/१२०च्या पुढे, आणि झपाट्याने चढले की किडनी वर्षांत नव्हे, आठवड्यांत बिघडते. वैद्यकाच्या भाषेत याला ‘मॅलिग्नंट’ रक्तदाब म्हणतात. त्याचा कॅन्सरशी काही संबंध नाही, हे नातेवाइकांना आवर्जून सांगावे लागते.

दोन्ही किडन्यांचे मिळून वजन पाव किलोच्या आसपास भरते, पण हृदय मिनिटाला जितके रक्त फेकते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्यातून जातो. एकेका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीच्या तोंडाशी केसाहून बारीक धमनी. बीपी वाढले की ही धमनी स्वतःला आवळून घेते आणि गाळणीवरचा दाब होता तेवढाच ठेवते. ही सोय एका मर्यादेपर्यंतच चालते. त्यापलीकडे धमनीचे आतले अस्तर फाटते, रक्तातली प्रथिने भिंतीत झिरपतात आणि भिंतीचा तेवढा भाग मरतो. मग दुरुस्तीच्या नादात पेशींचे थरावर थर चढतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही धमनी आडव्या कापलेल्या कांद्यासारखी दिसते आणि मधली पोकळी जेमतेम उरलेली असते.

खरा घात यापुढे होतो. गाळणीपर्यंत रक्त पोचेनासे झाले की किडनीला वाटते, अंगातले बीपीच कमी झाले. ती रेनिन नावाचे द्रव्य सोडते, त्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन हे दुसरे द्रव्य तयार होते, अंगभरच्या धमन्या आवळल्या जातात आणि बीपी आणखी चढते. चढलेले बीपी आणखी धमन्या फाडते. हे चक्र आपोआप थांबत नाही, आराम करून तर नाहीच. १९१४ मध्ये जर्मनीत फोलहार्ड आणि फार या दोन डॉक्टरांनी किडनीच्या या आजाराचे वर्णन केले. १९३९ मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या पडद्यावरून बीपीच्या रुग्णांचे चार गट पाडण्यात आले. त्यातल्या चौथ्या गटातले बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत, कारण तेव्हा बीपीवर धड औषधच नव्हते. आज ते औषध रोजच्या दोन-चार रुपयांत, सरकारी दवाखान्यात तर फुकट मिळते. तरीही हा आजार आमच्या वॉर्डातून हटलेला नाही, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

आता बीपी १८०/१२०च्या वर सापडले त्या दिवशी काय करायचे ते. आधी पाच मिनिटे बसवून, दुसऱ्यांदा, दोन्ही दंडांवर मोजा. आकडा खरा असेल तर लघवी घ्या. लघवीची पट्टी बुडवली की मिनिटा-दोन मिनिटांत रंग दिसतो. प्रथिने ‘दोन प्लस’ किंवा त्याहून जास्त असतील, किंवा रक्त दिसत असेल, तर किडनीला मार बसतो आहे असे समजून पुढे चालायचे. त्याच दिवशी रक्तातले क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पाठवायचे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यायचा. पडद्यावर रक्तस्राव, कापसासारखे पांढरे ठिपके किंवा डोळ्याच्या नसेला सूज दिसली तर रुग्णाला काही त्रास होत नसला तरी घरी पाठवायचे नाही. पडद्याच्या बारीक धमन्या आपल्याला प्रत्यक्ष दिसतात, किडनीच्या दिसत नाहीत. दोन्हींची अवस्था एकाच वेळी बिघडते, म्हणून डोळा पाहायचा.

सीबीसीबद्दल एक गोष्ट मुंबईत मुद्दाम सांगायला हवी. चिंचोळ्या झालेल्या धमन्यांतून जाताना तांबड्या पेशी फाटतात आणि प्लेटलेट खर्ची पडतात. पावसाळ्यात प्लेटलेट ६०-७० हजारांवर आल्या की सगळ्यांच्या तोंडी आधी डेंग्यू येतो. ताप नाही, हिमोग्लोबिन उतरलेले आणि बीपी २१०/१३० असेल, तर रक्ताची काच पाहून फाटक्या पेशी शोधायला लॅबला सांगा आणि एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारे द्रव्य) तपासा. डेंग्यू समजून नुसते सलाईन लावत राहिले तर मधले दोन-तीन दिवस वाया जातात.

क्रिएटिनिनच्या आकड्यावर लोकांचा फार भरवसा असतो, तोही थोडा कमी करायला हवा. रिपोर्टवर १.३ पाहून ‘किंचित जास्त आहे’ म्हणतात. हेच १.३ पंचविशीतल्या तरुणाचे असेल तर गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, सुमारे ७८ येते. साठीतल्या बाईचे असेल तर सुमारे ४७. तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहिले तर तो किडनीचा जुनाट आजारच. शिवाय निम्मी क्षमता गेली तरी क्रिएटिनिन वरकरणी ठीक दिसू शकते, पण लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन त्याआधीच जाऊ लागलेले असते. म्हणून बीपीच्या प्रत्येक रुग्णाची लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाणाची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. सकाळची पहिली लघवी उत्तम. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन असेल तर ठीक, ३०० च्या वर गेले तर किडनीच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम यांनी आकडा फुगतो, तेव्हा अशा दिवसांत नमुना देऊ नये.

जिभेखालच्या गोळीविषयी आता स्पष्ट बोलायला हवे. निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळणे ही पद्धत थांबवा, अशी मागणी अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात १९९६ मध्येच झाली होती. तिने बीपी किती आणि किती वेगाने पडेल हे कुणाच्या हातात राहत नाही. महिनोन्‌महिने चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूचा, हृदयाचा आणि किडनीचा रक्तपुरवठा एकदम तुटतो. अर्धांगाचा किंवा हृदयविकाराचा झटका त्यातून येऊ शकतो, आणि उरलीसुरली किडनीही बसते.

बरोबर पद्धत सावकाशीची आहे. बीपी २२०/१३० असेल तर सरासरी दाब १६० धरतात (वरचा आकडा अधिक खालच्या आकड्याची दुप्पट, भागिले तीन). तो पहिल्या काही तासांत पाव हिश्श्यापेक्षा जास्त उतरवायचा नाही, म्हणजे १२० च्या खाली न्यायचा नाही. हे साधारण १६५/१०० झाले. तिथून पुढे नेहमीच्या पातळीपर्यंत यायला एक-दोन दिवस द्यायचे. यासाठी लॅबेटॅलॉलसारखे औषध शिरेतून, दर काही मिनिटांनी बीपी मोजत देतात, आणि ते काम आयसीयूचे आहे. महाधमनी फाटली असेल, फुप्फुसात पाणी भरले असेल किंवा गरोदर बाईला झटके येत असतील तर हिशेब वेगळा आणि घाईचा असतो. उलट, लघवी, क्रिएटिनिन, पडदा सगळे चांगले असेल आणि रुग्णाला त्रास नसेल, तर १९०/११५ला सुद्धा शिरेतून औषध लागत नाही. रोजच्या गोळ्या सुरू करायच्या, आधी चालू असून सुटल्या असतील तर त्याच परत द्यायच्या, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा बोलवायचे. पण ‘त्रास नाही’ एवढ्यावरून हे ठरवता येत नाही. या आजारात किडनी दुखत नाही. सकाळची डोकेदुखी, धूसर दिसणे, लघवीला टिकून राहणारा फेस, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणे, ही लक्षणे विचारली तरच कळतात, आणि अनेकांना तीही नसतात.

उपचार सुरू झाल्यावर घरच्यांचा धीर सुटतो ती जागा आम्हाला चांगली ठाऊक आहे. बीपी उतरू लागले की पहिल्या काही दिवसांत क्रिएटिनिन वाढते. जखमी धमन्यांना चढ्या दाबाची सवय झालेली असते, दाब कमी होताच गाळणी मंदावते. ‘गोळ्यांनी किडनी खराब केली’ असे म्हणून लोक औषध थांबवतात किंवा दुसरीकडे नेतात, आणि चक्र पुन्हा सुरू होते. कृपया असे करू नका. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या अँजिओटेन्सिनला रोखणाऱ्या गटातली बीपीची गोळी सुरू केल्यावर एक ते दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचे असते. क्रिएटिनिन आधीच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर गोळी चालू ठेवतात. त्याहून जास्त वाढले तर अंगात पाणी कमी आहे का, दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का, दोन्ही किडन्यांच्या मुख्य धमन्या अरुंद आहेत का, हे शोधतात. गरोदरपणात मात्र ही गोळी अजिबात चालत नाही. दिवस राहण्याची शक्यता असेल तर गोळी लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगायला हवे.

डायलिसिसवर गेलेल्या रुग्णांबद्दलही आशा लगेच सोडू नये. सोनोग्राफीत किडनीचा आकार नेहमीसारखा, दहा सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर मार ताजा असण्याची शक्यता असते. बीपी नेटाने आटोक्यात ठेवले तर यातल्या काही रुग्णांचे डायलिसिस काही महिन्यांनी सुटते. किडनी आठ सेंटिमीटरपर्यंत आक्रसली असेल तर तशी आशा कमी. म्हणून डायलिसिस सुरू झाल्यावर ‘आता बीपीचे काय घेऊन बसलात’ असे म्हणणे रुग्णाचे मोठे नुकसान करते.

हा आजार बहुतेक वेळा नवा उगवत नाही. बीपी आधीपासून असते, गोळी सुटलेली असते. चिठ्ठीवर ३० दिवस लिहिलेले असते आणि तेवढ्या गोळ्या संपल्या की कोर्स झाला असे समजतात. बरे वाटते म्हणून सोडतात. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जातात आणि पाकीट मुंबईतच राहते. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्यांना सूज येते. ती औषधाची सूज असते, किडनीची नव्हे, डोस कमी करून किंवा गोळी बदलून ती जाते, पण घाबरून लोक सगळेच बंद करतात. क्लोनिडिनची गोळी अचानक सोडली तर एक-दोन दिवसांत बीपी आधीपेक्षाही वर उसळते. ती चालू असणाऱ्यांनी एकही दिवस चुकवू नये, आणि बंद करायची तर डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू.

दुखण्याच्या गोळ्यांचे काय? गुडघे, कंबर, दाढ यांसाठी डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या कोणत्याही केमिस्टकडे न विचारता मिळतात. त्या बीपी वाढवतात, अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि गाळणीकडे जाणारी धमनी आवळतात. टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू असताना वर ही तिसरी पडली, की किडनी एकाच आठवड्यात बंद पडू शकते. जुलाब-उलट्या सुरू असतील तर धोका आणखी वाढतो, आणि आपल्याकडे पावसाळाभर पोट बिघडतच असते. खाल्ले-प्यायलेले पोटात टिकत नसेल तर टेल्मिसार्टन गटातली आणि पाण्याची गोळी जुलाब थांबेपर्यंत थांबवावी लागते, पण डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून, आणि पोट ठीक होताच पुन्हा सुरू करण्यासाठी. निर्जळी उपवासालाही हाच धोका आहे. दुखण्यावर पॅरासिटामॉल बरी, पण पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम भरपूर असते. आम्लपित्तावरच्या फसफसत्या पावडरीचेही तेच. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या आणि रोज चघळलेले ज्येष्ठमध, दोन्हींनी बीपी चढते.

मिठाबद्दल थोडक्यात. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सगळ्या जेवणांत मिळून एक सपाट चमचा. सैंधव हेही मीठच आहे. भाजी अळणी करून वर पापड, लोणचे, फरसाण, सुके बोंबील किंवा जवळा घेतला तर काहीच साधत नाही. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. किडनी आधीच बिघडलेल्या माणसाने ते खाल्ले तर पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते. नारळपाण्याचीही अशा रुग्णाने आधी चौकशी करावी.

घरी मोजणाऱ्यांसाठी एवढेच: दंडावरचे मशीन घ्या, मनगटावरचे नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच जास्त येतो. लघवी करून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसा. आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नको. हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर हवा. सकाळी गोळीआधी दोनदा, रात्री दोनदा, असे सात दिवस मोजा, पहिला दिवस सोडा आणि बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी आहे, आणि किडनीला आधीच मार बसलेला असेल तर बहुतेकांसाठी लक्ष्य १३०/८०च्या खालचे.

वय तिशीच्या आत असताना बीपी फार चढले तर कारण शोधल्याशिवाय थांबू नये. तरुण मुलींमध्ये ताकायासू नावाचा धमन्यांचा दाह आपल्या देशात वरचेवर दिसतो. त्यात किडनीची धमनी अरुंद होते आणि कधी हाताची धमनीही बंद होत जाते. मग त्या हातावर बीपी कमीच दिसते, प्रत्यक्षात आत ते २०० असते. म्हणूनच वर दोन्ही दंडांवर मोजा असे लिहिले. दोन हातांत २० चा फरक असेल, मनगटाची नाडी नीट लागत नसेल, तर पायावर बीपी घ्या आणि किडनीच्या धमन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा. तरुणांमध्ये किडनीचाच मूळ आजार, उदाहरणार्थ आयजीए नेफ्रोपॅथी, आधी बीपीच्या रूपाने दिसतो. टेन्शनचे बीपी म्हणून त्याला झोपेच्या गोळ्या देणे चुकीचे आहे.

एकदा किडनी गेली की आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस, प्रत्येक वेळी सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी, आणि हातात फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) केल्यावर तो वापरायला तयार होईपर्यंत सहा ते आठ आठवडे मानेतली नळी सांभाळायची. २०१६ पासून केंद्राची राष्ट्रीय डायलिसिस योजना आहे, राज्याच्या महात्मा फुले योजनेतही डायलिसिस होते. पण विरार किंवा बदलापूरहून लोकलने आठवड्यातून तीनदा यायचे, तर नोकरी टिकत नाही. तो भार या योजनांत धरलेला नाही.

महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे आमचे मागणे मोठ्या खर्चाचे नाही. प्रत्येक दवाखान्यात आणि ‘आपला दवाखाना’त लघवीच्या पट्ट्या आणि मोठ्या मापाचा बीपीचा पट्टा कायम असावा. १८०/१२०च्या वरच्या प्रत्येक रुग्णाची लघवी आणि क्रिएटिनिन त्याच दिवशी व्हावे, आणि पडदा पाहण्यासाठी जवळच्या महापालिका रुग्णालयात चिठ्ठी देऊन त्याच दिवशी वेळ मिळावी. औषध न्यायला न आलेल्या रुग्णाला आठवड्याच्या आत फोन जावा. बीपीच्या कार्डावर आकड्यांच्या शेजारी अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि ईजीएफआर यांचे रकाने छापावेत, म्हणजे ते रिकामे राहिले तर रुग्णालाही दिसतील. आणि गणपती व मे महिन्याच्या आधी गावी जाणाऱ्यांना एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. सध्या अनेक ठिकाणी पंधरा दिवसांच्याच मिळतात, आणि सोळाव्या दिवशी तो माणूस कोकणात असतो.

आपले विश्वासू,
मूत्रपिंडविकार विभागात काम करणारे डॉक्टर व डायलिसिस तंत्रज्ञ,
मुंबई